पासष्ट किलोची पर्लिन

सबमिशनचा आठवडा आला की आपल्या कॉलेजात दोनच जमाती उरतात. एक, ज्यांच्याकडे फाईल आहे. दुसरी, जी पेन ड्राईव्ह घेऊन पहिल्या जमातीच्या मागे फिरते. मी चार वर्षं इमानेइतबारे दुसऱ्या जमातीत काढली. फर्स्ट इयरला जीटी मारली. (अजून पापात न पडलेल्यांसाठी : जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काचेखाली ट्यूबलाईट, काचेवर मित्राची शीट, त्यावर आपली कोरी शीट आणि मनात देवाचं नाव!) पुढे कॅड आलं आणि काच गेली, ट्यूबलाईट गेली. जीटी मात्र राहिली. तिचं नाव तेवढं 'कंट्रोल सी' झालं.

हा लेख त्या जीटीच्या एका अवलादीवर आहे. स्ट्रक्चरल मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅडचं ड्रॉईंग 'प्रोफाइल' म्हणून आत घेण्याआधी ते नीट तयार करावं लागतं, त्या कामाबद्दल. नाव ऐकूनच कंटाळा आला ना? मलाही यायचा. म्हणूनच हे लिहितोय.

मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरच्या वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगतो. टेक्लासारख्या सॉफ्टवेअरमध्ये आपण इमारतीचा सांगाडा उभा करतो. खांब, कैच्या, पर्लिनी. प्रत्येक तुकड्याला एक छेद असतो, म्हणजे तो तुकडा आडवा कापला तर दिसणारा आकार. तोच प्रोफाइल. आयएसएमबी, अँगल, चॅनल हे नेहमीचे छेद लायब्ररीत तयार असतात. पण जवळच्या वर्कशॉपमध्ये पत्रा वाकवून केलेली पर्लिन तिथे असतेच असं नाही. मग तिचा छेद कॅडमध्ये काढायचा आणि तो आत घ्यायचा. एकदा आत गेला की सॉफ्टवेअर त्याला तीस मीटर लांब ओढतं, शंभर ठिकाणी लावतं, वजन काढतं, कटिंग लिस्ट छापतं. ड्रॉईंगमधली एक रेघ चुकली तर तीही तीस मीटर लांब आणि शंभर ठिकाणी चुकते.

आणि एवढं महत्त्वाचं काम ग्रुपमध्ये कोणाला देतात? ज्याला बाकी काही येत नाही त्याला! "तू नुसतं ड्रॉईंग साफ कर रे, डिझाईन आम्ही बघतो." माझं म्हणणं नेमकं याच वाक्याविरुद्ध आहे. ड्रॉईंग साफ करणं हे डिझाईनच आहे. ते कसं कळलं, ते सांगतो.

मी डोळखांबचा. शहापूर तालुका, जिल्हा ठाणे. आसनगावला लोकलमधून उतरायचं, शहापूरहून गाडी धरायची आणि आजोबाचा डोंगर समोर मोठा मोठा होत गेला की समजायचं, घर जवळ आलं. ट्रेकर मंडळींना आमचं गाव डेहण्याला जाताना लागणारं गाव म्हणून माहीत असतं, एवढीच काय ती आमची कीर्ती. भाताचा मुलूख. वडिलांचं छोटं फॅब्रिकेशनचं दुकान आहे : ग्रिल, गेट, पत्र्याच्या शेड. फायनल इयरला प्रोजेक्ट निवडताना मी म्हटलं, दुबईचे टॉवर बाकीच्यांनी करावेत, आपण गावातलं भाताचं गोदाम करू. बारा मीटर रुंद, तीस मीटर लांब, दर सहा मीटरला एक फ्रेम, वर पन्हळी पत्रा. ग्रुपमधले तिघं हसले, पण काम कमी दिसल्यामुळे तयार झाले.

पर्लिन ठरली झेड. खोली २००, पाख ६०, ओठ २०, पत्रा २ मिलीमीटर. लायब्ररीत आम्हाला हवी तशी नव्हती. छेद काढायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण बाकीचे 'डिझाईन बघत' होते. एका सीनियरच्या फाईलमध्ये तयार झेड सापडला. त्यात नुसती मध्यरेघ होती. जाडी द्यायची म्हणून मी ऑफसेटची कमांड घेतली, जाडी दोन म्हणून आकडा २ टाकला आणि रेघ दोन्ही बाजूंना सरकवली. टोकं जोडली, पॉलिलाईन बंद केली, आत घेतली. एकही एरर नाही! त्याच ड्रॉईंगवरून छेदाचे गुणधर्म काढले आणि अ‍ॅनालिसिसला दिले.

चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेल. मध्यरेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन म्हणजे जाडी चार झाली. हवं होतं एक-एक.

गंमत म्हणजे ड्रॉईंग मला सांगत होतं. बाहेरून बाहेर खोली २०० यायला हवी होती, ती २०२ दिसत होती. मी पाहिली. आणि 'असेल काहीतरी सॉफ्टवेअरचं' म्हणून पुढे गेलो. आजही त्या २०२ ची मला लाज वाटते, चुकीच्या ऑफसेटची तेवढी वाटत नाही. चूक कोणाचीही होते. दिसलेली चूक सोडून देणं ही वेगळी गोष्ट.

निकाल झकास आला. सगळ्या पर्लिनी हिरव्या, डिफ्लेक्शन मर्यादेच्या कितीतरी आत. दुसऱ्या रिव्ह्यूला रंगीत प्रिंट लावल्या, सर खूश झाले. पर्लिनचं क्षेत्रफळ किती, हे कोणीही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, हेही खरं.

त्या शनिवारी घरी गेलो तेव्हा मटेरियल लिस्टची प्रिंट बाबांना दाखवायला नेली. खरं तर मिरवायलाच. बाबा दहावीपर्यंत शिकलेले. चष्मा लावून त्यांनी यादीवरून बोट फिरवलं आणि एका ओळीवर थांबले.

"ही कुठली पर्लिन?"

"झेड दोनशेची, बाबा. दोन एमएमची."

"सहा मीटर?"

"हो."

"आणि वजन पासष्ट किलो?"

"कॉम्प्युटरने काढलंय, बाबा. बरोबरच असणार."

बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "अरे, सहा मीटरची दोन एमएमची पर्लिन मी एकटा खांद्यावर घेऊन शिडी चढतो. बत्तीस-तेहतीस किलो भरते. पासष्ट किलोची असती तर तुझा बाप शिडीवरून कधीच खाली आला असता. बघ, कुठेतरी डबल झालंय."

रात्री कागदावर बसलो. वाकवलेल्या छेदाची मध्यरेघ, कोपऱ्यांची गोलाई धरून, सुमारे ३४५ मिलीमीटर भरते. तिला दोनने गुणलं की ६९० चौरस मिलीमीटर. पोलादाचा घनमीटर ७८५० किलोचा, म्हणजे मीटरला ५.४ किलो आणि सहा मीटरला साडेबत्तीस. माझ्या फाईलमध्ये मात्र १३८० चौरस मिलीमीटर, मीटरला १०.८ किलो, सहा मीटरला पासष्ट. बरोब्बर डबल! जे उत्तर चार वर्षांच्या शिक्षणाने आणि अडीच महिन्यांच्या प्रोजेक्टने दिलं नाही, ते बाबांच्या खांद्याने अर्ध्या मिनिटात दिलं.

आता कोणी म्हणेल, चूक झाली तर झाली, स्टील जास्त धरलं गेलं, शेड मजबूतच झाली ना? नाही! इथेच खरी मेख आहे. बाजारातून येणार होती दोन मिलीमीटरचीच पर्लिन, कारण नावात तेच लिहिलं होतं. कागदावर ती चारच्या ताकदीने पास झाली होती. म्हणजे प्रत्यक्षात जी पर्लिन वर चढणार होती, तिची खरी तपासणी कोणी केलीच नव्हती. बरं, पातळ पत्र्याचा छेद नुसता वाकत नाही, तो आधी चुरगळतो. पाखाची रुंदी तीच ठेवून जाडी निम्मी केली, तर ज्या ताणाला पाख चुरगळू लागतो तो ताण निम्मा होत नाही, पाव होतो. कारण तो जाडी आणि रुंदीच्या गुणोत्तराच्या वर्गावर चालतो.

आणि शेडचा शत्रू वजन नसून वारा असतो. वाऱ्याच्या आयएस ८७५ भाग ३ या कोडमध्ये मूळ वेग मुंबईला सेकंदाला ४४ मीटर आणि नाशिकला ३९ मीटर दिला आहे. आमचं गाव या दोहोंच्या मधलं. ४४ धरला तर दाब येतो ०.६ गुणिले ४४ चा वर्ग, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन. आपल्या भाषेत ११८ किलो. पर्लिनींमध्ये दीड मीटर अंतर आणि गाळा सहा मीटरचा, म्हणजे एका पर्लिनच्या वाट्याला नऊ चौरस मीटर पत्रा येतो. गुणक लावायच्या आधीचा ढोबळ आकडाच हजार किलोच्या वर जातो. त्या नऊ मीटर पत्र्याचं वजन असतं जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलो. वळवाच्या वाऱ्यात पत्रे का उडतात, हे यावरून कळावं. आमच्याकडे भात झाकायला ताडपत्री ओढत रात्र काढणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या डोक्यावर माझी २०२ ची पर्लिन जाणार होती.

हा सगळा प्रकार आपल्या गावठी प्रोजेक्टपुरता आहे असं समजू नका. अमेरिकेत हार्टफर्ड सिव्हिक सेंटर नावाचं मोठं क्रीडागृह होतं. त्याच्या छताच्या पोलादी जाळीचं डिझाईन कॉम्प्युटरवर झालं होतं, तेव्हाच्या काळात ते अगदी आधुनिक मानलं जायचं. उभारणीच्या वेळी छत हिशोबापेक्षा दुप्पट खाली वाकलेलं मोजलं गेलं. तसं कळवलंही गेलं. पण मोजलेल्या छतापेक्षा हिशोबावर विश्वास जास्त! १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराखाली ते छत कोसळलं. काही तासांपूर्वीच तिथे बास्केटबॉलचा सामना झाला होता आणि हजारो प्रेक्षक बसले होते. सुदैवाने पहाटे आत कोणी नव्हतं. तिथे चूक प्रोफाइलच्या ड्रॉईंगची नव्हती, जाळीच्या दांड्यांना मधे मिळणारा आधार मॉडेलमध्ये प्रत्यक्षापेक्षा जास्त धरला गेला होता. पण स्वभाव तोच. जे खरं आहे ते कॉम्प्युटरला वेगळंच सांगायचं आणि मग त्याच्या उत्तरावर डोळे मिटून विसंबायचं. 'असेल काहीतरी' हे वाक्य इंग्रजीतही तितकंच महाग पडतं.

त्या रात्रीनंतर मी ड्रॉईंगकडे जरा संशयाने बघू लागलो. बघता बघता खड्ड्यांची एक यादीच झाली. ज्युनियर मंडळींच्या उपयोगी पडेल म्हणून देतो.

पहिला खड्डा, युनिट. फाईल इंचात आणि आपण समजतोय मिलीमीटर. लांबी २५.४ पटीने चुकते हे सगळ्यांना कळतं, पण मोमेंट ऑफ इनर्शिया लांबीच्या चौथ्या घातावर जातं. म्हणजे चार लाख सोळा हजार पटीने चूक! एवढी मोठी चूक निदान लपत तरी नाही. बाबांच्या दुकानात आणखी एक युनिट चालतं, सूत. आठ सुतांचा एक इंच. 'तीन सुती पट्टी' म्हणजे साडेनऊ मिलीमीटर, पण बाजारात तिला दहाची म्हणूनही खपवतात. कॅडमध्ये काय काढायचं, ते व्हर्नियर लावूनच ठरवा.

दुसरा, एकावर एक रेघा. कॉपी-पेस्टच्या नादात तीच रेघ दोनदा बसते आणि डोळ्यांना एकच दिसते. त्यासाठी ओव्हरकिल कमांड आहे. मग पीएडिटने जोडून एकच बंद पॉलिलाईन करा. टोकांत केसभर फट राहिली तर सॉफ्टवेअर छेद नाकारतं. नाकारलं तर नशीब समजा. डायमेन्शन, हॅच, मध्यरेघा, टेक्स्ट हे सगळं बाहेर काढा. ब्लॉक असेल तर फोडा. सगळ्या बिंदूंची झेड उंची शून्य आहे ना, हे बघा. आणि छेद ओरिजिनजवळ आणा. सर्व्हेच्या फाईलमधून उचललेला छेद लाखो मिलीमीटर दूर कुठेतरी बसलेला असतो.

तिसरा, गोलाई. वर्तुळाऐवजी सरळ रेघांचा बहुकोन केला तर क्षेत्रफळ घटतं. गोल सळईच्या जागी तिच्या आत बसणारा अष्टकोन काढला तर थेट दहा टक्के कमी. बारा बाजूंना साडेचार टक्के. छत्तीस बाजू केल्या तर अर्धा टक्का. किती बाजू पुरेत, हा निर्णय इंजिनिअरने घ्यायचा आहे. फाईल साफ करणाऱ्या पोराच्या कंटाळ्यावर तो सोडायचा नाही.

चौथा, नुसते आयत. आयएसएमबी ३०० घ्या. खोली ३००, पाख १४०, पाखाची जाडी १२.४, मधला वेब ७.५. तीन आयत जोडून काढला तर क्षेत्रफळ ५५३६ चौरस मिलीमीटर येतं. स्टील टेबलमध्ये आहे ५६२६. पाखाचा उतार आणि कोपऱ्यांची गोलाई गाळल्यामुळे दीड टक्क्याहून थोडा जास्त फरक पडतो. ताकदीला हे चालून जाईल. पण शंभर टन स्टीलच्या ऑर्डरमध्ये दीड टन कुठे गेलं, याचं उत्तर कोण देणार?

पाचवा खड्डा माझा सगळ्यात आवडता, कारण त्यात हुशार मुलं पडतात. छेदाचा रीजन करून मासप्रॉप कमांड दिली की सगळे गुणधर्म मिळतात. पण त्यातलं मोमेंट ऑफ इनर्शिया ओरिजिनमधून जाणाऱ्या अक्षाभोवतीचं असतं. छेद ओरिजिनपासून दूर असेल तर क्षेत्रफळ गुणिले अंतराचा वर्ग एवढी फुकटची भर पडते. सेकंड इयरला समांतर अक्षाचा सिद्धांत आपण दहा मार्कांसाठी पाठ करतो ना, तोच हा. खाली 'प्रिन्सिपल' म्हणून सेंट्रॉइडभोवतीचे आकडेही येतात, पण झेडचे प्रिन्सिपल अक्ष तिरके असतात. ते आकडे सरळ उभ्या-आडव्या अक्षांचे समजून भरले की पुन्हा घोळ. आधी ओरिजिन सेंट्रॉइडवर न्या, मग आकडे वाचा.

आता मुद्द्यावर येतो. माझी तक्रार सॉफ्टवेअरवर नाही. त्याने माझं ऐकलं, हाच त्याचा गुन्हा! तक्रार आहे आपल्या मार्कांच्या हिशोबावर. आपण मार्क देतो शेवटच्या रंगीत चित्राला. आत काय घातलं, याला शून्य मार्क. मग आत काहीही घातलं जातं. सीनियरची फाईल, तिच्या आधीच्या सीनियरची फाईल. मी ज्या झेडवरून माझा छेद केला, तो मूळ कोणी, कोणत्या पर्लिनचा काढला होता, हे मला आजही सांगता येणार नाही. बाजारात असं चालत नाही. दुकानदार पत्रा घेताना कॉईलवरचा टॅग वाचतो. आमच्याच तालुक्यात वासिंदला जेएसडब्ल्यूचा पत्र्याचा कारखाना आहे. तिथून निघणाऱ्या पत्र्याला जाडी आणि ग्रेडची ओळख असते. आणि आमच्या कॅड फाईलला? 'फायनल टू लेटेस्ट न्यू.'

काही मित्र म्हणतात, ही कामं ड्राफ्ट्समनची, आपण इंजिनिअर. त्यांना विचारावंसं वाटतं, पुण्या-मुंबईच्या डिटेलिंग ऑफिसांत आपलेच किती सिव्हिलवाले पहिली दोन वर्षं हेच काम करतात? मग ते मान खाली घालून का करायचं? दुसरे म्हणतात, लवकरच हे सगळं आपोआप होईल. होऊ दे की! फट शोधणं, डबल रेघ पुसणं मशीनने जरूर करावं. पण माझ्या झेडमध्ये फट नव्हती, डबल रेघ नव्हती. पॉलिलाईन अगदी स्वच्छ, बंद आणि सुंदर होती. फक्त ती दुसऱ्याच पर्लिनची होती. ते ओळखायला पर्लिन उचललेला माणूस लागला.

सरांचंही एक म्हणणं आहे आणि ते खोटं नाही : साठ मुलांचे पंधरा प्रोजेक्ट, त्यात प्रत्येकाची रेघ न् रेघ कोण बघणार? म्हणून माझी मागणी छोटी आहे. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये बाहेरून आणलेल्या प्रत्येक प्रोफाइलमागे एक पान असावं. त्यावर छेद कुठून घेतला, युनिट कोणतं, जाडी तीन ठिकाणी मोजून किती आली, क्षेत्रफळ हाताने किती आणि सॉफ्टवेअरमध्ये किती, मीटरला वजन किती, आणि खाली करणाऱ्याची सही. पंधरा मिनिटांचं काम. त्याला पाच मार्क द्या. आणि व्हायवाला एकच प्रश्न विचारा : "हा तुकडा एक माणूस उचलू शकेल का?" ज्याला उत्तर येईल त्याचं बाकीचं ड्रॉईंग बहुतेक बरोबर असेल.

दुसरी मागणी त्याहून स्वस्त आहे. इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणून आपण लोणावळ्याला जातो, (कारखाना बघतो, असं ऐकून आहे). एकदा एखाद्या साध्या फॅब्रिकेशनच्या दुकानात चला. गुण्या लावून कैची कशी जुळवतात, दोन आणि अडीच मिलीमीटरच्या पत्र्यातला फरक बोटांना कसा कळतो, ते बघा. हवं तर आमच्याकडे डोळखांबला या. चहा बाबांकडून, गाडीभाडं ज्याचं त्याने.

शेवट राहिला. सोमवारी परत आलो आणि गाईड सरांना सगळं सांगितलं. ग्रुपमधल्या मित्रांनी 'गप्प बस ना, रिव्ह्यू झालाय' असं बजावलं होतं. खरी दोन मिलीमीटरची पर्लिन घातली तेव्हा मॉडेलमधल्या हिरव्या पर्लिनी लालेलाल झाल्या. मग पर्लिनींमधलं अंतर कमी केलं, मधे सॅग रॉड टाकले, कडेच्या गाळ्यांत जाड पत्रा घेतला. तीन रात्री गेल्या. सरांनी एकच सांगितलं, "रिपोर्टमध्ये चूक जशीच्या तशी लिही." मी लिहिली. एक्सटर्नलनी ते पान उलटलंसुद्धा नाही. रंगीत चित्रं मात्र आवडली त्यांना.

बाबांना नवी यादी दाखवली. त्यांनी पर्लिनची ओळ शोधली, साडेबत्तीस वाचलं आणि चष्मा काढला. "हां," म्हणाले, "आता चढवता येईल."